पंचमला वाहायचं तरी काय?

१९९४ साल उजाडून चार दिवस होत नाहीत तोच, ४ जानेवारीला, मुंबईत राहुल देव बर्मन गेला. तेच साल सरता सरता, ८ डिसेंबरला, न्यूयॉर्कमध्ये अंतोनिओ कार्लोस जोबीम गेला. पहिला ५४ वर्षांचा, दुसरा ६७ वर्षांचा. पहिल्याला आपण पंचम म्हणतो आणि घरातलाच समजतो. दुसऱ्याचं नाव यवतमाळच्या दत्त चौकात उभं राहून घेतलं, तर एखाद्या नव्या कीटकनाशकाचं असेल असं समजून लोक पुढे निघून जातील. ब्राझीलमध्ये मात्र रिओ द जानेरोचा आंतरराष्ट्रीय विमानतळ १९९९पासून त्याच्या नावानं ओळखला जातो. बोसा नोवा म्हणून जी हळू आवाजातली, पण आतून सतत डुलणारी गाणी जगभर गेली, त्यांचा तो सर्वांत मोठा रचनाकार.

गंमत अशी, की यवतमाळनं जोबीमचं नाव ऐकलेलं नसलं तरी त्याच्या गावचा ठेका ऐकलेला आहे. १९६६ साली ‘पती पत्नी’ नावाचा एक चित्रपट आला. त्यातल्या आशा भोसले यांनी गायलेल्या एका गाण्यात पंचमनं बोसा नोवाची लय वापरली. हिंदी चित्रपटसंगीतात ती पहिल्यांदा आली ती इथेच, असं मानलं जातं. चित्रपट लोक विसरले. ठेका मात्र पंचमच्या हातात मुरला आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांत कुठे गिटारमधून, कुठे नुसत्या घासण्याच्या आवाजातून डोकावत राहिला.

आज दोघेही नाहीत आणि दोघांच्याही नावानं आदरांजलीचे कार्यक्रम होतात. रिओत, टोकियोत, न्यूयॉर्कमध्ये जोबीमचे; पुण्या-मुंबईत, कोलकात्यात आणि आपल्या विदर्भातल्या जिल्ह्याच्या गावांतही पंचमचे. २७ जून आणि ४ जानेवारी या तारखा आता जयंती-पुण्यतिथीच्या पंचांगात कायमच्या जाऊन बसल्या आहेत. पण संगीतकाराला आदरांजली वाहायची म्हणजे नेमकं काय वाहायचं? त्याचे सूर जसेच्या तसे परत म्हणायचे, की तो ज्या रीतीनं सुरांपर्यंत पोचला ती रीत चालू ठेवायची? आपल्याकडे पहिलं उदंड चालतं. दुसऱ्याची वाट कोणी फारसं धरत नाही, आणि पंचमचा खरा अपमान तिथेच होतो.

आधी बोसा नोवाचं थोडं. १९५०च्या दशकाच्या शेवटी रिओच्या समुद्रकाठच्या सुखवस्तू वस्त्यांत, इमारतींच्या सदनिकांत, काही तरुण रात्री जमायचे. बाहेर साम्बा होता: मिरवणुकीचा, कार्निव्हलचा, डोंगरावरच्या गरीब काळ्या वस्त्यांतून खाली उतरलेला, ढोलांच्या ताफ्याचा. जोआंव जिल्बेर्तो या गिटारवाल्यानं त्या ताफ्यातली मिरवणूक काढून टाकली आणि चाल तेवढी ठेवली. त्याचा अंगठा खालच्या तारांवर मोठ्या सुर्दो ढोलाचं काम करायचा, सम राखत. बाकीची बोटं वरच्या तारांवर तांबोरिम या छोट्या चर्मवाद्याची आडवी-तिडवी, ठोक्याच्या अलीकडे-पलीकडे पडणारी बोलपंक्ती काढायची. आपल्या तबलजीला हे चटकन कळेल. बायाँ सरळ चालतो आहे आणि दायाँ त्याच्याशी लपंडाव खेळतो आहे, असा तो प्रकार. वर गायचं ते शेजाऱ्याची झोप मोडणार नाही इतक्या आवाजात, गळा न थरथरवता. १९५९ साली त्याचा पहिला आल्बम आला. त्याच्या शीर्षकगीताची चाल जोबीमची होती आणि शब्द विनिसियस द मोरायस या कवीचे. पुढे १९६२ साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये या मंडळींची मैफल झाली. १९६४ साली अमेरिकी सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झबरोबरचा आल्बम आला, त्याला पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळालं, आणि इपानेमा नावाच्या किनाऱ्यावरून चालत जाणारी ती पोरगी जगातल्या प्रत्येक हॉटेलच्या लॉबीत जाऊन पोचली.

पण जोबीम समजून घ्यायचा तर ते प्रसिद्ध गाणं नको, १९६०च्या सुमाराचं एकाच स्वरावरच्या साम्ब्याचं गाणं घ्यावं. त्यात गायक बराच वेळ एकाच सुरावर बोलत राहतो आणि खाली पियानो-गिटारची स्वरसंगती पायरी पायरीनं सरकत जाते. सूर तोच, पण खालची जमीन बदलली की त्याचा रंग बदलतो. आता तो निवांत वाटतो, आता अस्वस्थ, आता परतल्यासारखा. आपल्या रागसंगीताचा सगळा डोलारा याच्या नेमका उलटा. आपला तानपुरा ढळत नाही, षड्ज जागेवर असतो आणि गायक त्याच्याभोवती हिंडतो. जोबीमनं हिंडणाऱ्याला बसवलं आणि षड्जाला हिंडायला लावलं. ज्याचा कान तानपुऱ्यावर घडला आहे, त्याला हे ऐकताना पायाखालून वाळू सरकल्यासारखं होतं. पंचमचा कानही असाच घडलेला होता. सरोद अली अकबर खाँसाहेबांकडे, तबला सामताप्रसादजींकडे, आणि घरात वडील सचिनदांची बंगाली लोकसंगीताची पेटी. असा माणूस जेव्हा ब्राझीलकडे कान लावतो, तेव्हा तो फक्त ठेका उचलत नाही. ‘जमीन हलवता येते’ ही सवलत तो उचलतो.

मुंबईला लॅटिन ताल पंचमनं आणले असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. १९५१च्या ‘अलबेला’त आपल्या सी. रामचंद्रांनी, म्हणजे पुणतांब्याच्या राम चितळकरांनी, बाँगो आणि ट्रम्पेट घेऊन जो धुडगूस घातला त्यात चिक चॉकलेट हा गोव्याचा ट्रम्पेटवाला होता. हॉटेलांतले गोवेकर, पारशी, अँग्लो-इंडियन वादक रात्री रुम्बा-साम्बा वाजवायचे आणि सकाळी स्टुडिओत हजर व्हायचे. पंचमनं वेगळं केलं ते हे, की त्यानं ताल पाहुणा म्हणून नाचवला नाही, घरच्या कामाला लावला.

याचं सर्वांत चांगलं उदाहरण म्हणजे रेसो-रेसो. ब्राझीलचं हे घासवाद्य: खाचा पाडलेली नळी, तिच्यावरून काडी ओढायची, ‘खर्र-खच्, खर्र-खच्’ असा आवाज निघतो. एवढंच. सूर नाही, फारसा गाजावाजा नाही. पंचमच्या ताफ्यात ते वाजवायचे अमृतराव काटकर. त्यांच्याबरोबर तालाच्या खोलीत मारुतीराव कीर, देवीचंद चौहान, होमी मुल्लन. म्हणजे ब्राझीलच्या रस्त्यावरचं वाद्य एका मराठी माणसाच्या हातात येऊन हिंदी गाण्याच्या पोटात गेलं आणि तिथे असं मिसळलं, की ऐकणाऱ्याला ते वेगळं काढताच येत नाही. गाण्याचा श्वास थोडा खरबरीत लागतो, इतकंच जाणवतं. १९६८च्या ‘पडोसन’मधल्या खिडकीच्या गाण्यात तर कंगवा खरबरीत पृष्ठभागावर घासल्याचा आवाज आहे. ‘यादों की बारात’मध्ये काचेच्या ग्लासवर चमच्याची टिंग आहे. ‘शोले’त अर्ध्या भरलेल्या बाटल्यांत फुंकर आहे. आणि १९७१च्या ‘हरे रामा हरे कृष्णा’पासून दार्जिलिंगचे रणजित गजमेर नेपाळी मादल घेऊन आले, ते पंचमचे कायमचेच झाले. हा माणूस वाद्यं गोळा करत नव्हता. जो आवाज समोर आला त्याला तो ‘तू माझ्या गाण्यात काय करशील?’ एवढंच विचारत होता.

आता आपले कार्यक्रम पाहा. यवतमाळ असो, अमरावती असो, अकोला असो, फलकावर गायकाच्या नावाआधी ‘व्हॉइस ऑफ किशोर’, ‘व्हॉइस ऑफ मुकेश’, ‘व्हॉइस ऑफ आशा’ असं लिहिलेलं असतं. गायकाची थोरवी कशात, तर तो तो नसून दुसराच कोणीतरी आहे यात! कराओकेच्या गटांनी तर वादकांचीही गरज संपवली आहे. ट्रॅक लावायचा, मोबाइलमध्ये बघून शब्द म्हणायचे. ऑर्केस्ट्रा असलाच तर सगळा ताफा एका ऑक्टोपॅडच्या आठ चौकोनांत आलेला असतो. एका चौकोनात मादल, एकात डुग्गी, एकात रेसो-रेसोचा नमुना भरलेला. काठी पडली की खर्र-खच् निघतो, दर वेळी अगदी एकसारखा. काटकरांचा हात दर वेळी थोडा वेगळा पडत असणार. गाण्याचा जीव त्या फरकात होता आणि ऑक्टोपॅडच्या चौकोनात नेमका तोच फरक मावत नाही.

इथे उलटी बाजूही मांडायला हवी, कारण नक्कल करणाऱ्यांची थट्टा करणं फार सोपं आहे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यमेळाचे कागद बहुतेक जपलेच गेले नाहीत. ध्वनिमुद्रण संपलं, पैसे मिळाले, कागद रद्दीत. त्यामुळे एखादा बेसगिटारवाला पोरगा रात्र रात्र हेडफोन लावून, गाणं मागे-पुढे करत, पंचमच्या गाण्यातली खालची ओळ कानानं उतरवतो तेव्हा तो नक्कल करत नसतो, दफ्तर लिहीत असतो. पुण्यात ‘पंचम मॅजिक’सारख्या गटानं पंचमच्या मूळ वादकांना मंचावर बोलावून, त्यांच्याकडून ते आवाज कसे निघाले हे प्रेक्षकांना ऐकवून, हे काम गंभीरपणे केलं. त्या कार्यक्रमांना गर्दी गाण्यांसाठी जमते हे खरं, पण लोक घरी जाताना मादल म्हणजे काय आणि ते वाजवणारा कोण हे शिकून जातात. अशी हुबेहूब नक्कल विद्यार्थ्याची असते आणि ती हवीच. चूक तेव्हा होते जेव्हा विद्यार्थीदशा हाच मुक्काम ठरतो.

मराठी माणसाला हे नव्यानं सांगायची खरं तर गरज नाही. कुमार गंधर्वांनी बालगंधर्वांना आदरांजली वाहिली तेव्हा कार्यक्रमाचं नाव ठेवलं ‘मला उमजलेले बालगंधर्व’. बालगंधर्वांच्या आवाजाची, मुरक्यांची सही सही नक्कल करणारे तेव्हा महाराष्ट्रात पैशाला पासरी होते. कुमारांनी तीच पदं आपल्या गळ्यातून, आपल्या फेकीनं, आपल्या जागा घेऊन म्हटली. ‘मला’ या शब्दाची जबाबदारी त्यांनी घेतली. चुकलं तर माझं उमजणं चुकलं, बालगंधर्व नव्हेत. ‘व्हॉइस ऑफ’ म्हणणाऱ्याकडे ही जबाबदारीच नसते.

याच्या उलट ‘गीतरामायणा’चं झालं. १ एप्रिल १९५५ रोजी पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झालं, ५६ गीतं, वर्षभर. शब्द माडगूळकरांचे, चाली सुधीर फडक्यांच्या, पण गळे अनेक होते: माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर, मालती पांडे, राम फाटक आणि इतर कितीतरी. पुढे फडके, म्हणजे बाबूजी, एकटे मंचावर सगळी गीतं म्हणू लागले, ती त्यांनी फार सुंदर म्हटली, आणि त्यानंतर गावोगावचं ‘गीतरामायण’ म्हणजे बाबूजींच्या मंचावरच्या आवृत्तीची प्रत झालं. मूळ रचनेतला तो गळ्यांचा मेळा आता कोणाला आठवतही नाही. यवतमाळला तरी हे सलायला हवं. १९७३ साली याच गावात भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी ग. दि. माडगूळकर होते. गीतकाराला साहित्याच्या सर्वोच्च खुर्चीत बसवण्याचं औचित्य या कापसाच्या गावानं पाहिलेलं आहे. आणि त्या मेळ्यातले वसंतराव तर जवळचेच. त्यांचा जन्म मूर्तिजापूरचा, म्हणजे यवतमाळहून पूर्वी सुटणाऱ्या शकुंतला रेल्वेच्या दुसऱ्या टोकाचा. ते कोणा एका घराण्याचे होऊन राहिले नाहीत म्हणून त्यांना आयुष्यभर बोल लागला. आज त्यांचा नातू राहुल आजोबांची पदं गातो तेव्हा त्याच्यासमोरही हाच पेच असतो: आजोबांची तान घ्यायची, की आजोबांचा हट्ट?

पंचमच्या बाबतीत हा पेच सर्वांत धीटपणे हाताळला गेला तो अमेरिकेत. सॅन फ्रान्सिस्कोचं क्रोनोस क्वार्टेट हा चार तंतुवादकांचा संच, दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. १९७३ साली डेव्हिड हॅरिंग्टननं तो काढला. (यवतमाळचं संमेलन, ‘यादों की बारात’ आणि क्रोनोस एकाच सालची, हा निव्वळ योगायोग, पण लक्षात ठेवायला बरा.) पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या चौकटीतलं चौघांचं हे जुनं वाद्यमंडळ घेऊन हॅरिंग्टन जगभर नवं काहीतरी धुंडाळत असतो. २०००च्या एका आल्बममध्ये त्यांनी झाकीर हुसेन यांना बरोबर घेऊन ‘अनामिका’मधलं पंचमचं एक गाणं गायकाशिवाय वाजवलं. तिथून धागा लांबला आणि २००५ साली पूर्ण आल्बमच पंचमला वाहिला गेला. त्याचं इंग्रजी नाव म्हणजे ‘यादों की बारात’मधल्या त्याच ग्लासच्या टिंगवाल्या गाण्याच्या मुखड्याचा अनुवाद. गायला आशा भोसले, तालाला झाकीर हुसेन, आणि पीपा हे चिनी तंतुवाद्य घेऊन वू मान. बारा गाणी, त्यांत दोन बंगालीही.

कल्पना करून पाहा. आशाबाई तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या. १९७१च्या ‘कारवाँ’तलं, हेलनच्या अंगानं गाजलेलं ते धापा टाकणारं कॅबरे गाणं त्यांनी पुन्हा गायचं, आणि मागे पितळी वाद्यांच्या फलटणीऐवजी चार तंतुवाद्यं. क्रोनोसनं आपल्याच वाद्यांचे थरावर थर चढवले, जिथे ट्रम्पेट होतं तिथे गज खसखसून ओढला, जिथे गिटार होती तिथे वू मानचं पीपा आलं. ‘इजाजत’मधलं गुलजारांचं ते मुक्तछंदातलं गाणं घेतलं. त्याचे शब्द पहिल्यांदा हातात पडले तेव्हा उद्या वर्तमानपत्रातली बातमीही चाल लावायला आणशील, असं पंचम वैतागून म्हणाला, हा किस्सा गुलजारांनीच सांगितलेला आहे. या आल्बममध्ये ते गाणं तंतूंच्या लांब, संथ ओढींवर टेकतं आणि आशाबाईंच्या आवाजातली वयाची सुरकुती त्यात अजिबात लपवलेली नाही. १९८७चा आवाज रुसलेला होता, २००५चा हिशेब मिटवून बसलेला आहे. त्याच बाईंनी तेच शब्द म्हणूनही गाणं वेगळं झालं आणि म्हणून ते पंचमचं राहिलं. या आल्बमला ग्रॅमीचं नामांकन मिळालं. मिळालं नसतं तरी बिघडत नव्हतं.

सगळंच जमलं आहे असं मात्र नाही. काही गाण्यांत क्रोनोसनं मूळ वाद्यमेळाची वळणं इतकी जपली आहेत की वाद्य बदललं, वाक्य तेच राहिलं; अगदी आपल्या ऑर्केस्ट्रासारखी, फक्त जास्त सुरेल. निवडही बहुतेक गाजलेल्या गाण्यांचीच. ज्या गाण्यानं बोसा नोवा हिंदीत आला, ज्यात आशाबाईंचाच तिशीतला आवाज होता, ते १९६६चं गाणं यात नाही. तंतुवाद्यांच्या संचाला त्याची हळू, आडवी लय कशी पेलली असती हे ऐकायची संधी हुकली.

याच सुमारास ब्राझीलमध्ये जोबीमला जी आदरांजली वाहिली गेली ती इथे शेजारी ठेवून पाहावी. २००१ साली जपानचा संगीतकार र्यूइची साकामोतो रिओला गेला. ‘द लास्ट एम्परर’साठी ऑस्कर मिळवलेला हा माणूस थेट जोबीमच्या घरी गेला आणि जोबीमच्या पियानोवर बसला. सोबत चेलोवादक झाक मोरेलेनबाउम आणि गायिका पाउला मोरेलेनबाउम. ही दोघं जोबीमच्या अखेरच्या काळातल्या वाद्यवृंदात होती. ‘कासा’, म्हणजे घर, हे त्या आल्बमचं नाव. त्यात इपानेमाची पोरगी नाही! जोबीमला आदरांजली आणि त्याचं सर्वांत प्रसिद्ध गाणं गाळलेलं. आपल्याकडे एखाद्या आयोजकानं असं केलं तर मध्यंतरातच लोक तिकिटाचे पैसे परत मागतील. साकामोतो फार कमी सूर वाजवतो. बोसा नोवाचा तो सुप्रसिद्ध ठेका बऱ्याच ठिकाणी वाजतच नाही, ऐकणाऱ्याच्या मनात चालू राहतो. जोबीमनं शोपँ आणि देबुसी किती मुरवले होते हे तो ठेका बाजूला झाल्यावरच ऐकू येतं.

दोन्ही प्रयत्नांत एक गोष्ट सारखी आहे. एक जण घरचा, एक पाहुणा. आशाबाई आणि मोरेलेनबाउम पतिपत्नी घरचे. क्रोनोस आणि साकामोतो पाहुणे. घरच्याजवळ आठवण असते: इथे श्वास कुठे घेतला होता, इथे तो हसला होता. पाहुण्याजवळ प्रश्न असतात: इथे हे वाद्य का, हे नसतं तर? नुसत्या आठवणींनी गाण्याचं थडगं बांधलं जातं, नुसत्या प्रश्नांनी प्रयोगशाळा. दोघं समोरासमोर बसली तर रियाज होतो. आणि आपल्या गावोगावच्या कार्यक्रमांचं दुखणंही इथेच सापडतं. आपण सगळे पंचमच्या घरी पाहुणे, पण घरच्यासारखं वागण्याचा आव आणतो. पाहुण्यानं विचारायचे ते प्रश्न विचारत नाही, आणि घरच्यांना, म्हणजे त्या वादकांना, बोलावत नाही.

वादकांचा मुद्दा पुन्हा काढायलाच हवा. आपल्याकडे शिक्षकाला वाहिलेली सर्वांत लोकप्रिय आदरांजली कोणती? संगीतकार प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू गोव्याचे अँथनी गोन्साल्विस. त्यांचं नाव १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’त अमिताभ बच्चनच्या तोंडी गेलं. सबंध देशानं ते नाव घोकलं आणि त्या नावाचा खरा वादक आहे हे कितीतरी वर्षं कोणाला माहीत नव्हतं. गोन्साल्विस २०१२ साली गोव्यात वारले. तोवर त्यांच्या नावावर लोक नाचत होते. बोसा नोवालाही हाच डाग आहे. जोझे रामोस तिन्योरांव हा ब्राझीलचा संगीत-समीक्षक आयुष्यभर तडकून लिहीत राहिला, की ही मंडळी डोंगरावरच्या काळ्या साम्बावाल्यांचा माल घेऊन, त्याला अमेरिकी जाझचा मुलामा देऊन बसली आहेत. त्याचा राग टोकाचा होता, जोबीमवर अन्यायही करणारा होता, पण बिनबुडाचा नव्हता. जिल्बेर्तोच्या बोटांतला तांबोरिम आधी कोणाच्या तरी हातात, उन्हात, मिरवणुकीत वाजला होता.

आणि असा उन्हातला ताल यवतमाळला काही परका नाही. पुसद, दिग्रस, दारव्हा, महागाव या पट्ट्यातल्या बंजारा तांड्यांवर होळीच्या दिवसांत लेंगी रंगते. डफ कडाडतो, गोल धरला जातो, एक जण ओळ टाकतो आणि बाकीचे झेलतात. त्या डफाची आडवी बोलपंक्ती कधी शांतपणे, मोजून ऐकावी. ठोक्याच्या जरा अलीकडे पडणारी ती थाप रिओच्या माणसालाही थांबवेल. झरी आणि केळापूरकडे गोंड-कोलामांचे ढोल आहेत, दंडार आहे. पोहरादेवीला, जिल्ह्याच्या वेशीवर, २०२४च्या ऑक्टोबरात बंजारा वारशाचं मोठं संग्रहालय सुरू झालं. उत्तमच झालं. पण नंगारा काचेमागे गेला आणि यवतमाळच्या ऑर्केस्ट्रात अजून आलाच नाही. पंचम यवतमाळला वाढला असता तर त्यानं पहिल्या आठवड्यात तांड्यावरचा डफवाला स्टुडिओत नेऊन बसवला असता. दार्जिलिंगच्या मादलवाल्याला त्यानं नेलंच ना! आपण मात्र ब्राझीलचा रेसो-रेसो इंटरनेटवरून उतरवून ऑक्टोपॅडमध्ये भरतो आणि चाळीस किलोमीटरवरचा डफ आपल्याला ‘कार्यक्रमाच्या दर्जाचा’ वाटत नाही.

यावर आयोजकांचं उत्तर ठरलेलं असतं: लोकांना ओरिजिनलच हवं असतं. असेलही. पण याच लोकांनी १९६६ साली ब्राझीलचा ठेका काहीच न कळता पसंत केला होता, आणि कंगव्याच्या आवाजावर मान डोलावली होती. पंचमनं श्रोत्याला भोळा मानलं, मठ्ठ मानलं नाही. वर्गणीवर चालणाऱ्या, सभागृहाचं भाडं आणि साउंडवाल्याचं बिल भागवताना घाम फुटणाऱ्या मंडळींना तीन तास प्रयोग करा असं कोणी म्हणणार नाही. वीस गाण्यांत सतरा जशीच्या तशी व्हावीत. लोक आलेत, त्यांना त्यांचं तारुण्य परत मिळावं.

उरलेल्या तीन गाण्यांचं मात्र यवतमाळच्या कलावंतांनी मनावर घ्यावं. येत्या २७ जूनला एक गाणं असं घ्यावं जे कोणी मागत नाही. १९६६चं ते बोसा नोवाचं घेतलं तर सोन्याहून पिवळं. ते एका गिटारवर, अंगठा आणि बोटं वेगळी चालवून, ट्रॅक बंद करून म्हणावं. एका गाण्याला पुसदकडच्या तांड्यावरचा डफवाला बोलवावा, त्याला बिदागी गायकाइतकीच द्यावी आणि त्याच्याबरोबर निदान चार संध्याकाळी तालीम करावी, कारण ऐनवेळी उभा केलेला डफ फक्त शोभेचा होतो. एक गाणं गावातल्या व्हायोलिन-बासरी शिकणाऱ्या पोरांवर सोपवावं आणि त्यांना सांगावं, तुम्हाला पंचम जसा उमजला तसा वाजवा. आणि फलकावर ‘व्हॉइस ऑफ’ छापण्याऐवजी त्या जागेत अमृतराव काटकर, मारुतीराव कीर, रणजित गजमेर, होमी मुल्लन ही नावं छापावीत, खाली त्या संध्याकाळी वाजवणाऱ्या प्रत्येकाचं नाव, डफवाल्यासकट. छपाईचा खर्च तेवढाच येतो.